बाविसावा आठवडा, हिमोग्लोबिन ९.४ आणि शाकाहारी ताट : नेमके काय बदलावे?

सांजवेळ यांचा प्रश्न :

मला सध्या बाविसावा आठवडा सुरू आहे. पहिलटकरीण आहे, वय २९. आमचे घर पूर्ण शाकाहारी असून अंडेही चालत नाही. मागच्या आठवड्यात केलेल्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.४ आले. दहाव्या आठवड्यात ते १०.८ होते. चौदाव्या आठवड्यापासून लोहाच्या गोळ्या एकही दिवस न चुकवता घेत असतानाही ते घसरले, याचीच मला अधिक काळजी वाटते. डॉक्टरांनी गोळी आता दिवसातून दोनदा घ्यायला सांगितली आहे आणि महिन्याभराने पुन्हा रक्त तपासणार आहेत. परंतु बाहेर रांग मोठी होती आणि आहाराविषयी सविस्तर विचारायचे राहूनच गेले.

माझा दिनक्रम असा आहे : सकाळी साडेसहाला चहा आणि दोन खारी, आठ वाजता पोहे किंवा उपमा, त्यानंतर एक पेला दूध आणि दुधाबरोबरच लोहाची व कॅल्शियमची अशा दोन्ही गोळ्या, म्हणजे विसरायला नको. कार्यालयात पोहोचल्यावर चहा. डब्यात दोन पोळ्या आणि बटाटा, फ्लॉवर किंवा कोबीची भाजी. दुपारी आणखी दोन वेळा चहा होतो. रात्री वरण-भात, पोळी, भाजी. सासूबाई फार प्रेमाने करतात, परंतु त्यांच्या मते आता दोन जिवांचे खाल्ले पाहिजे, म्हणून संध्याकाळी तूप घातलेला शिरा किंवा साबुदाण्याची खीर असतेच. माझे माहेर सोलापूरचे. आई फोनवर भाकरी आणि पालेभाजी खा असे बजावत असते. पपईला घरात पूर्ण बंदी आहे. संकष्टीचा उपवास मी अजून करते. यातले काय ठेवावे आणि काय बदलावे, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

नाचणीसत्त्व यांचे उत्तर :

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. तुमचा दिनक्रम वाचताना माझी नजर अडली ती सकाळच्या दुधाच्या पेल्यावर. कॅल्शियम आणि लोह एकाच वेळी पोटात गेले की कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणते. तुम्ही लोहाची गोळी दुधाबरोबर, शिवाय कॅल्शियमच्या गोळीसोबत घेत आहात आणि थोड्या वेळाने वर चहा पीत आहात, ज्यातील टॅनिन तोच अडथळा पुन्हा उभा करते. गोळी चुकवली नाही हे खरे, पण तिच्यातील बरेचसे लोह तुमच्या रक्तापर्यंत पोहोचले नसावे. गर्भारपणाच्या मध्यावर रक्तातील द्रव भाग वाढत असल्याने हिमोग्लोबिनचा आकडा थोडा उतरणे अपेक्षितच असते; मात्र ९.४ हा तेवढ्यावर सोडून देण्याजोगा आकडा नाही. गर्भवतीसाठी ११ च्या खाली रक्तक्षय धरतात, आणि ७ ते ९.९ ही पातळी मध्यम रक्तक्षयाची मानली जाते. म्हणून डॉक्टरांनी वाढवलेली मात्रा घ्याच आणि महिन्याभरानंतरची तपासणी टाळू नका. त्यात अपेक्षित वाढ दिसली नाही तर शिरेतून लोह देण्याचा विचार करावा लागतो, आणि तो निर्णय वेळेत व्हावा लागतो.

सरकारी कार्यक्रमातील गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर, आणि दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर असा दंडक आहे. तुमच्या दिवसात ते असे बसवता येईल : कॅल्शियमची पहिली गोळी आठच्या नाश्त्याबरोबर, दूधही तेव्हाच, लोहाची पहिली गोळी अकराच्या सुमारास, सोबत पेरूच्या फोडी किंवा लिंबूपाणी, कॅल्शियमची दुसरी गोळी दीड वाजता डबा खाताना, आणि लोहाची दुसरी गोळी रात्री जेवणानंतर दोन तासांनी, झोपण्यापूर्वी. रात्री घेतलेल्या गोळीची मळमळ बहुतेकींना झोपेत जाणवत नाही. शौचाचा रंग काळा होईल, त्याने घाबरू नये. चहा दोन वेळांवर आणा, आणि तो जेवणापासून व लोहाच्या गोळीपासून तासभर तरी लांब ठेवा.

आता ताटाविषयी. शाकाहारातील लोह मुळातच कमी शोषले जाते, पण त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व असेल तर शोषण चांगले वाढते. म्हणून पोह्यांवर लिंबू पिळणे, मटकीच्या उसळीबरोबर कच्चा टोमॅटो किंवा कोबीची कोशिंबीर घेणे, हे शोभेपुरते समजू नका. कडधान्यांना मोड आणल्याने आणि पीठ आंबवल्याने लोहाला धरून ठेवणारे फायटेट कमी होते. इडली, आंबोळी, मोडाच्या नाचणीचे सत्त्व हे पदार्थ या दृष्टीने उपयोगी आहेत. पालकाची ख्याती मोठी असली तरी त्यातील लोहाचा बराच भाग शरीराला मिळत नाही, त्यामुळे एकट्या पालकावर भिस्त न ठेवता मेथी, माठ, चवळीची पाने, शेवग्याचा पाला आलटून पालटून घ्यावा. तुमच्या डब्यातील बटाटा आणि फ्लॉवर आठवड्यातून तीन दिवस हटवले तरी फरक पडेल. आईंचे म्हणणे बरोबर आहे.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातर्फे गर्भवतींच्या आहाराचा जो दीर्घ अभ्यास केला, तो आपल्याकडच्या प्रत्येक पहिलटकरणीला कोणीतरी समजावून सांगायला हवा असे मला वाटते. तिथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो, परंतु पुण्याकडची बाळे दिसायला लहान आणि सडपातळ असूनही त्यांच्या शरीरातील चरबी त्या मानाने कमी नव्हती, कमी होते ते स्नायू. आणि बाळाच्या जन्मावेळच्या आकाराशी ठळक संबंध दिसला तो आईने एकूण किती उष्मांक घेतले याच्याशी नसून हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध ती किती वारंवार घेत होती याच्याशी. सासूबाईंच्या शिऱ्याला उत्तर द्यायचे असेल तर हे सांगा, प्रेमाने सांगा.

‘दोन जिवांचे’ म्हणजे दुप्पट नव्हे. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार गर्भवतीला दिवसाला सुमारे ३५० किलोकॅलरी अधिक लागतात. ते म्हणजे एक भाकरी, एक वाटी दही आणि लहान मूठभर शेंगदाणे, एवढेच. प्रथिने मात्र दुसऱ्या तिमाहीत साडेनऊ ग्रॅम आणि तिसऱ्या तिमाहीत तब्बल २२ ग्रॅम अधिक हवीत, आणि शिऱ्यातून ती मिळत नाहीत. रात्रीचे पातळ वरण घट्ट करा, डब्यात उसळ वाढवा, दही रोज ठेवा.

एक गोष्ट डॉक्टरांना अवश्य विचारा : ब-१२ ची तपासणी. अंडेही न खाणाऱ्या घरांत ते कमी असण्याची शक्यता बरीच असते, ते फक्त दूध-दह्यातूनच मिळते, आणि त्याच्या अभावामुळेही रक्तक्षय होतो. नुसते फॉलिक आम्ल घेत राहिल्यास रक्ताचे चित्र सुधारल्यासारखे दिसते आणि ब-१२ ची उणीव झाकली जाते.

दुसरीखेप यांचे उत्तर :

वरील उत्तरात सारे आले आहे. मी फक्त शिऱ्यापुरते लिहिते. माझ्या पहिल्या खेपेला घरातील सर्वांनी मला अक्षरशः भरवले. सकाळी फळांचा रस, दुपारी वरण-भातावर तूप, संध्याकाळी साबुदाण्याची खीर. सव्विसाव्या आठवड्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतले, तेव्हा साखर १६८ निघाली. ती १४० च्या आत हवी असते. माझ्या माहेरी कोणालाही मधुमेह नव्हता, त्यामुळे मला तो आकडा खोटा वाटला आणि मी दोन दिवस रडून काढले.

पुढे औषधाची वेळ आली नाही, कारण तेच अन्न वेगळ्या तऱ्हेने मांडले. भात निम्मा केला, पोळीऐवजी ज्वारीची भाकरी, आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी. रस बंद करून अख्खे फळ. तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा लहान, आणि प्रत्येक जेवणानंतर अंगणात पंधरा मिनिटे फेऱ्या. प्रत्येकीला एवढ्याने भागेलच असे नाही. माझ्या जावेला इन्सुलिन घ्यावे लागले आणि त्यात तिचा काही दोष नव्हता. तुमची ही चाचणी झाली नसेल तर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ती करून घ्या, आणि तोवर खीर सणावारापुरती ठेवा.

ओसरी यांचे उत्तर :

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झाले. शेवटची अनेक वर्षे पालघर जिल्ह्याच्या डोंगरी भागात होते, जिथे २०१५ पासून अमृत आहार योजनेखाली गर्भवती आणि स्तनदा मातांना दिवसातून एक चौरस गरम जेवण मिळू लागले. तिथल्या बायकांकडून मी जितके शिकले, तितके शिकवले नाही.

पपईविषयी : कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावू शकते, म्हणून कच्ची आणि अर्धवट पिकलेली पपई टाळणे योग्य आहे. पूर्ण पिकलेल्या फळात चीक उरत नाही. तरीही घरात त्यावरून रोज वाद होणार असेल तर पेरू, संत्रे, आवळा हे सारे उपलब्ध असताना पपईसाठी भांडण्यात अर्थ नाही.

उपवासाविषयी : सातव्या-आठव्या महिन्यात दिवसभर उपाशी राहून चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्या मुली मी चक्कर येऊन पडलेल्या पाहिल्या आहेत. गर्भारशीने उपवास केला नाही तरी चालतो, असे आमच्या आजीच सांगत असत. मन मानत नसेल तर साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, भगर, दाण्याची आमटी, दही आणि फळ असे दर तीन तासांनी खात जावे आणि पाणी तोडू नये.

आणखी एक विचारते, कारण मुली हे आपणहून सांगत नाहीत. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात काय? आपण त्याला डोहाळे म्हणून हसून सोडून देतो, पण पुष्कळदा ती लोहाच्या कमतरतेची खूण असते. तसे असेल तर डॉक्टरांना लाज न बाळगता सांगावे, आणि जंताची गोळी दुसऱ्या तिमाहीत दिली गेली आहे काय, हेही विचारून घ्यावे.

आणि घरात लोखंडी कढई असेल तर तिच्यात आमसूल किंवा चिंच घातलेली आमटी करा. आंबटपणामुळे कढईतील लोह अन्नात उतरते.

सांजवेळ :

सर्वांचे मनापासून आभार. कच्चे तांदूळ मी खाते. निवडताना चार दाणे तोंडात टाकायची सवय मला दोन महिन्यांपासून लागली आहे, आणि त्याचा रक्ताशी काही संबंध असेल हे माझ्या ध्यानीही आले नव्हते. परवाच्या भेटीत ब-१२ आणि जंताच्या गोळीसोबत हेही सांगेन. गोळ्यांचे नवे वेळापत्रक कालपासून लावले. सासूबाईंना पुण्याच्या अभ्यासाची हकिकत वाचून दाखवली, तर त्यांनी आज स्वतःहून चवळीच्या पानांची पातळ भाजी केली, वर लिंबूही ठेवले. शिरा मात्र रविवारी होणारच, असे त्यांनी बजावले आहे.

एक लहानशी शंका. माळ्यावरून लोखंडी कढई काढली, घासली आणि चिंचेची आमटी केली. ती रात्रीपर्यंत काळी पडली आणि चवीला कडवट लागली. ती खाण्याजोगी असते काय?

ओसरी :

अपाय होत नाही, पण मुले आणि पुरुष ताटावरून उठतात. उकळी फुटून आमटी तयार झाली की लगेच स्टीलच्या पातेल्यात काढून घ्यावी. कढई तशीच ओली ठेवू नये. घासून, पुसून, गॅसवर क्षणभर तापवून तेलाचा हात फिरवावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी गंज चढत नाही.