मदत हवी आहे: एक्स२६५ एन्कोडरमध्ये काही चॅप्टर मार्करवर कीफ्रेम (जिथून प्लेअर थेट सुरू होऊ शकतो ती फ्रेम) पडत नाही

दोन तासांचं व्याख्यान, १०८०पी, २५ एफपीएस. एफएफएमपेग या रूपांतराच्या सॉफ्टवेअरने एमपी४ करतोय. मार्कर वेगळ्या मेटाडेटा फाइलमध्ये आहेत, टाइमबेस १/१००० (म्हणजे वेळ मिलिसेकंदांत). ठरावीक जागी कीफ्रेम टाकायला लावणाऱ्या फोर्स-की-फ्रेम्स पर्यायाला 'चॅप्टर्स' दिलंय, एन्कोडिंगच्या दोन्ही पासमध्ये (फेऱ्यांमध्ये) सारखंच.

लिबएक्स२६४ (जुना एक्स२६४ एन्कोडर) ने सगळं चोख. लिबएक्स२६५ (एक्स२६५) ने बहुतेक मार्कर बरोबर, पण जिथे कॅमेरा बदलून सेकंदाच्या आतच मार्कर येतो तिथे घोळ. फाइल तपासणाऱ्या एफएफप्रोबमध्ये त्या जागी आय-फ्रेम (इतर फ्रेमवर अवलंबून नसलेली) दिसते, कीफ्रेम म्हणून नोंद मात्र नाही. मग त्या चॅप्टरवर उडी मारली की प्लेअर मागच्या शॉटपासून सुरू होतो, आणि वक्त्याचं पहिलं वाक्य सुरू व्हायच्या आधी प्रेक्षकांतले चेहरे दिसतात. फार खटकतं.

माझा संशय मिन-कीइंटवर (दोन कीफ्रेममधलं कमीत कमी अंतर) आहे. कीइंट (जास्तीत जास्त अंतर) २५० फ्रेम आहे, म्हणजे मिन-कीइंट आपोआप २५ धरलं जातं. सीन-कटची (दृश्य बदलल्यावर आपोआप पडणारी) कीफ्रेम नुकतीच पडलेली असल्यामुळे मार्करची फ्रेम नुसती आय राहते.

आता फोर्स्ड-आयडीआर (सक्तीने टाकलेल्या फ्रेमला पूर्ण कीफ्रेम करणारा पर्याय) १ द्यावं की मिन-कीइंट १ करावं? दुसऱ्याने सीन-कटला जास्तीच्या कीफ्रेम पडून २००० केबीपीएसच्या बजेटवर ताण येईल असं वाटतं. ओपन-जीओपी (कीफ्रेमनंतरच्या काही फ्रेमना तिच्या आधीच्या फ्रेमचा आधार घेऊ देणारा पर्याय) बंद करणंही गरजेचं आहे का? ज्यांनी एक्स२६५ वर हे केलंय त्यांनी चालणारे पर्याय जसेच्या तसे द्यावेत. मार्कर सरकवणं शक्य नाही, ते छापील अनुक्रमणिकेशी जुळवलेले आहेत.