सिम्पसन्स पुढं बघायचं की सोडायचं?

टिळकवाडीकर:
हे अमेरिकन कार्टून १९८९ पासून चालू हाय म्हणे. मी आठ सीझन संपवलो. होमरच्या कामावरच्या फ्रँक ग्राइम्सवाला भाग बघितलाय काय? होमर आळसात सल्फ्युरिक ॲसिडचं भांडं तोंडाला लावतोय, बिचारा ग्राइम्स फटका मारून उडवतो, भिंत जळते, आणि बोलणी खातो ग्राइम्सच! आमच्या ऑफिसात मीच ग्राइम्स. पुढं बघू की नको?

निपाणीचा तंबाखू:
नको. नंतर होमर नुसता येडा होतोय, बाप राहत नाही. त्यापेक्षा ‘फ्रेंड्स’. २३६ भाग, संपतं तरी.

टिळकवाडीकर:
फ्रेंड्सला दर वाक्याला हसणं, डोकं उठतंय. लोक समोर बसवून शूट करत होते, ठाऊक हाय, तरी.

खानापूरची माई:
बाळांनो, ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मालिका बघा. रात्री आबा डायरी लिहायला बसले की आमच्याकडं भांडी घासायची थांबायची. प्रभावळकर कधी ओरडून हसवत नाहीत. नातू मात्र चिंटू टीव्हीवर कन्नडात कार्टून बघतोय अन् मला ‘अज्जी, सुम्निरु’ (आजी, गप्प बस) म्हणतोय.

टिळकवाडीकर:
माई, नातवाला कुंदा द्या, गप्प बसतोय. नववा सीझन लावलो.