स्वरलिपीच्या पुस्तकांत एका खुणेचा एकच अर्थ असावा की नाही?

पेटीवाला_विश्रामबाग

गेल्या आठवड्यातली गोष्ट. क्लासमधली नववीतली एक मुलगी बागेश्री रागाची चीज (बंदिश) घरी स्वतः बसवत होती. आजीच्या ट्रंकेतलं जुनं पुस्तक हाताला लागलं म्हणून खूश होती. शनिवारी आली ती घसा बसवूनच. म्हणाली, "सर, सुरुवातीचा धैवत फार वर आहे, मला लागतच नाही."

पुस्तक उघडलं. ध आणि नि, दोघांच्या डोक्यावर टिंब. मुलगी स्वर लिहिण्याची भातखंडे पद्धत शिकलेली, तिथं वरचं टिंब म्हणजे तार, वरचं सप्तक. पुस्तक पलुसकर पद्धतीचं, तिथं वरचं टिंब म्हणजे मंद्र, खालचं सप्तक. चार दिवस ती पोर तार धैवत गाठायला घसा ताणत होती आणि चीज सुरू होत होती खाली, मंद्रात.

तिनं डोकं चालवलं नव्हतं असं नाही. सा आणि प यांच्याखालीही आडव्या रेघा दिसल्या, तेव्हा 'हे दोन स्वर तर कोमल होत नाहीत, म्हणजे या रेघेचा अर्थ वेगळा असणार' एवढं तिनं स्वतः ओळखलं. बरोबरच होतं ते. भातखंडे पद्धतीत खालची आडवी रेघ कोमल (उतरलेल्या) स्वराची, पलुसकर पद्धतीत ती एका मात्रेची. तिथं कोमल स्वराला हलन्तासारखी खूण. "यात गंधार अर्धा का लिहिलाय?" हाही प्रश्न तिनं विचारला. डोक्यावरची उभी रेघ इकडे भातखंडेत तीव्र (चढ्या) मध्यमाची, तिकडे पलुसकरांत तार सप्तकाची. खालची चंद्रकोर इकडे 'एवढे स्वर एका मात्रेत' असं सांगते, तिकडे पाव मात्रा. शून्य इकडे 'खाली'चं, म्हणजे तालातल्या टाळी नसलेल्या जागेचं, तिकडे स्वराखाली आलं की अर्ध्या मात्रेचं.

खुणा वेगळ्या असत्या तर चाललं असतं, माणूस नवीन खूण शिकतो. इथं खुणा त्याच आणि अर्थ उलटे. म्हणून माझं स्पष्ट मत: आता जे काही नव्याने छापायचं ते भातखंडे खुणांतच छापावं, जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्यासुद्धा. आज बहुतेक मुलं तेच वाचतात.

मिरजेची_माई

सर, मुलीच्या घशाचं वाईट वाटलं. पण तुमचा उपाय मला मान्य नाही.

विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपुढे बसून शिकले, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि शिकवण्यासाठी ही लिपी वापरली. तिच्यात प्रत्येक स्वराखाली त्याची किंमत लिहिलेली असते: एक मात्रा, अर्धी, पाव. भातखंडे लिपीत खालच्या कंसात, म्हणजे त्या चंद्रकोरीत, किती स्वर आहेत ते मोजा, मग भागाकार करा. तीन स्वर आणि स्वर लांबवायची एक आडवी रेघ एका कंसात आली की माझ्या मुली आजही अडखळतात. मग सोपी लिपी कुठली?

आणि खुणा बदलून छापलं तर ते पुस्तक त्याच माणसाचं राहतं का? लिहिणाऱ्यानं अर्ध्या मात्रेचं शून्य विचार करून घातलेलं असतं. बदलणारा एखादं विसरला की चीजच बदलली.

शिवाय गाणं गुरूसमोर बसून येतं. पुस्तक आठवणीपुरतं. मुलीनं चार दिवस एकटीनं बसवायलाच नको होतं.

तबला_गावभाग

माई, शेवटचं पटलं नाही. खेड्यातून आठवड्यातून एकदा एसटीनं येणाऱ्या मुलानं मधले सहा दिवस काय करायचं?

माझं दुखणं तालाच्या खुणांचं. पलुसकर पद्धतीत सम (तालाची पहिली मात्रा) १ या आकड्यानं आणि 'खाली' अधिक चिन्हानं. भातखंडे पद्धतीत सम फुलीनं. झिजलेल्या छपाईत अधिक कोणतं आणि फुली कोणती हे सांगा बघू. मी स्वतः एकदा 'खाली'च्या जागी सम धरून ठेका सुरू केलाय, गायक वळून बघायला लागला.

आणखी एक. ओळ समेपासून सुरू करा. तीनतालाची चीज नवव्या मात्रेवर उठते म्हणून ओळच नवव्या मात्रेपासून छापतात, मग सम पानाच्या मधोमध कुठंतरी शोधत बसायची.

पेटीवाला_विश्रामबाग

इथं मी तुमच्या विरुद्ध. गाणारा मुखडा, म्हणजे चिजेचा सुरुवातीचा तुकडा, धरतो. मुखडा दोन ओळींत तुटला तर पहिल्याच वाचनात चीज मोडते. मुखड्यापासून ओळ सुरू करा आणि समेची खूण ठळक करा. तालाच्या विभागांच्या उभ्या रेघा मात्र खालपासून वरपर्यंत एका सरळ रेषेत हव्यात, म्हणजे कुठल्याही ओळीत सम त्याच जागी सापडते. तालाचं आवर्तन (एक पूर्ण फेरा) अर्धवट ठेवून पान उलटायला लावणं हा तर गुन्हाच.

व्हायोलिन_सांगलीवाडी

पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन वाचणारा म्हणून लिहितो. तिथले कारागीर धातूच्या पत्र्यावर उलटं कोरायचे, ठसे मारून. तेव्हापासून घट्ट झालेले नियम आज संगणकावरही पाळतात. मधल्या रेषेच्या खालच्या स्वराची काठी वर, वरच्या स्वराची खाली, लांबी साधारण एका सप्तकाएवढी. दुप्पट वेळ टिकणाऱ्या स्वराला दुप्पट जागा देत नाहीत, दीडपटीच्या आसपास देतात, कारण डोळ्याला तेवढी पुरते. पान उलटायचं ते वादकाला विश्रांती असेल तिथं. मग सरळ तेच का घेऊ नये?

मिरजेची_माई

कारण आमचा सा हलतो. एक मुलगी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून, गाते, दुसरी काळी पाचमध्ये, आणि चीज तीच. 'ग' लिहिला की दोघींना पुरतो.

व्हायोलिन_सांगलीवाडी

हे खरं. मग लिपी तुमचीच ठेवा, शिस्त तेवढी घ्या.

खिळेजुळारी

छापखान्यात हातानं अक्षरांचे खिळे जुळवण्यात माझी उमेद गेली, आता मुलगा संगणकावर पानं लावतो. तुम्ही सगळे खुणांवर भांडताय, पण खुणा कागदावर पोचतच नाहीत.

मंद्रातला कोमल निषाद घ्या, तोही कंसातला. अक्षराखाली रेघ, रेघेखाली टिंब, त्याखाली चंद्रकोर. तीन मजले. ओळींमधलं अंतर तेवढंच ठेवलं तर टिंब रेघेला चिकटतं आणि छापल्यावर फक्त जाड रेघ दिसते. मंद्र गेला.

आता युनिकोडमध्ये तार सप्तकाला अनुस्वार देतात आणि मंद्राला नुक्ता (अक्षराखालचं टिंब). 'सां' लिहिलं की टिंब कान्यावर बसतं, 'गं' मध्ये अक्षरावर, 'निं' मध्ये वेलांटीशेजारी. एकाच ओळीत तीन ठिकाणी टिंब. कोमल-तीव्राला वेदमंत्रांच्या आडव्या-उभ्या रेघा वापरतात, त्या काही फॉन्टात अक्षराला धड जोडल्याच जात नाहीत. आणि मात्रा सारख्या अंतरावर याव्यात म्हणून मुलं नुसत्या स्पेस मारतात. फॉन्ट बदलला की सोळा मात्रांचं कवायतीचं मैदान विस्कटतं. तक्ता करा, प्रत्येक मात्रेला एक रकाना द्या, खाली बोलांचा रकाना त्याच रुंदीचा. पानं वाढतील, किंमत वाढेल. त्याला तयार आहात का कोणी?

पेटीवाला_विश्रामबाग

मी तयार आहे. साठ पानांत कोंबलेल्या पुस्तकापेक्षा शंभर पानांचं घेईन.

माई, जुन्या आवृत्त्यांच्या खुणा बदलण्याचा हट्ट मी सोडतो, विसरण्याचा तुमचा मुद्दा खरा आहे. पण मग प्रत्येक पानाच्या तळाशी खुणांची पट्टी हवी: मंद्र, तार, कोमल, तीव्र, सम, खाली. पुस्तकाच्या सुरुवातीला एकदाच छापून भागत नाही. त्या मुलीच्या पुस्तकात ते पान होतं की नाही हेही कळायला मार्ग नाही, कारण पहिली आठ पानं गळून गेली आहेत.

मिरजेची_माई

पट्टी चालेल. मूळ खुणांना मात्र कोणी हात लावायचा नाही. घसा बरा झाला की तिला मिरजेला घेऊन या, पुस्तकासकट. त्याच पानावरून ती चीज वाचून दाखवते, मंद्रातून.