ओम्स्कचा १९८४ चा विमान अपघात: सगळा दोष एका माणसाच्या झोपेवर टाकावा का?

अंबडकर
आमच्या अंबडच्या कारखान्यात मार्चमधील सुरक्षा सप्ताहात मला तिसऱ्या पाळीसमोर बोलायचे असून, त्यासाठी मी ११ ऑक्टोबर १९८४ रोजी सायबेरियातील ओम्स्क विमानतळावर झालेला एरोफ्लोटच्या टीयू-१५४ चा अपघात निवडला आहे. पहाटे ५ वाजून ४१ मिनिटांनी उतरणारे हे विमान धावपट्टीवरच्या देखभालीच्या गाड्यांवर आदळले आणि विमानातले १७४ व जमिनीवरचे ४ असे १७८ जण मृत्युमुखी पडले. ‘भूनियंत्रकाचा डोळा लागला’ एवढेच कारण बहुतेक ठिकाणी सांगितले जाते. त्या गाड्या तिथे कशासाठी होत्या आणि वैमानिकांना त्या दिसल्या कशा नाहीत, हे कोणी नीट सांगू शकेल का?

ओझरचा जुना फिटर
एचएएलमध्ये मिग विमानांवर उमेदीची सगळी वर्षे गेल्यामुळे रशियन पद्धती थोड्याफार ठाऊक आहेत. ओली धावपट्टी सुकवण्यासाठी ते लोक ट्रकवर जेट इंजिन बसवून त्याचा गरम झोत पट्टीवर सोडत. त्या पहाटे अशा दोन गाड्या आणि सोबत एक जीप पट्टीवर होती. गाड्यांमध्ये कित्येक टन इंधन भरलेले होते, त्यामुळे धडकेनंतर आगीचा केवढा भडका उडाला असेल ते सांगायला नको. टपावरचे इशारादिवे चालू हवे होते, पण डोळे दिपतात म्हणून ते बंद ठेवलेले होते. त्यात अंधार आणि पाऊस. गाड्या दिसल्या तेव्हा विमान जमिनीला टेकलेले होते. नाकाचा भाग तुटून बाजूला पडल्यामुळे कॉकपिटमधले चौघे वाचले, आणि एक प्रवासी.

नाशिकरोडकर
मी रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालो आहे. पट्टीवर माणसे पाठवल्यावर ‘पट्टी व्यस्त’ हा दिवा लावणे भूनियंत्रकाच्याच हाती होते; तो न लावताच त्याला झोप लागली. पुढे दुसऱ्या नियंत्रकाने विचारणा केली तेव्हा अस्पष्ट उत्तर आले आणि पट्टी मोकळी असल्याचे गृहीत धरले गेले. आमच्याकडे टेबलावर प्रायव्हेट नंबरचा, म्हणजे निरोप पक्का झाल्याची खूण म्हणून वाचून सांगायच्या आकड्यांचा कागद असे. समोरचा मास्तर किंवा गेटमन नंबर सांगेपर्यंत त्याचे बोलणे धरायचे नाही, आणि वापरलेला नंबर लगेच खोडायचा, हा शिरस्ता होता. झोपेत ‘हां हां’ म्हणता येते; कागदावर बघून नंबर वाचता येत नाही.

सातपूरचा वाचक
हे सगळे मान्य, तरीही ड्युटीवर झोपणे हा अपराधच आहे. उगाच त्याची वकिली करू नये, विशेषतः तिसऱ्या पाळीसमोर.

अंबडकर
वकिली नाही. न्यायालयाने त्याला १५ वर्षांची शिक्षा दिली आणि तुरुंगात त्याने आत्महत्या केली. परंतु घरी लहान मुले असल्यामुळे त्याची आधीच्या रात्रींचीही झोप झालेली नव्हती, आणि अशा माणसाला कामावर बसवताना ते कोणी विचारलेही नव्हते, हे मी सांगणारच. नाशिकरोडकर काका, प्रायव्हेट नंबरची गोष्ट उचलतो आहे. प्रेस यंत्रात डाय (साचा) बदलायला माणूस आत शिरतो तेव्हा आमच्याकडे स्विचला फक्त ‘काम चालू’ अशी पाटी अडकवतात. कुलूप लावून किल्ली त्याच माणसाच्या खिशात असावी, अशी मागणी त्याच दिवशी साहेबांसमोर मांडतो.