मूळ कसली, पूर्ण वर्ग आहे!
१२३४५६७८९८७६५४३२१ ही मूळ संख्या असेल का, असं कुणीतरी विचारलंय. छे! अंकांची बेरीज ८१, म्हणजे नऊने भाग जाणारच. हा १११११११११ चा वर्ग आहे. त्या नऊ एकांचे अवयव पाडा: ९ × ३७ × ३३३६६७. यातल्या ३७ ला ३३३६६७ ने गुणलं की १२३४५६७९ येतात, नेमका आठ गायब! (कागदावर करून बघा, कॅल्क्युलेटरवर मजा नाही.) वर्गाचे एकूण विभाजक ४५. दहा एकांचा वर्ग मात्र हातच्यांमुळे बिघडतो: १२३४५६७९००९८७६५४३२१. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी या वर्गांना 'वंडरफुल डेम्लो' म्हटलं. कल्पना सुचली ती जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्टेशनावर.