मदत हवी आहे: एटीपीचा बाँड तुटला की ऊर्जा मिळते की लागते?

मंडळी, बायोकेमिस्ट्रीतल्या जाणकारांची मदत हवीय. लेक बारावीला आहे, जोडीला नीटचा क्लास, आणि सध्या एकाच प्रश्नावर अडून बसलीय. बायोलॉजीत शिकवलं की एटीपीमधला (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, त्यात तीन फॉस्फेट ओळीने जोडलेले) शेवटचा हाय एनर्जी बाँड तुटला की ऊर्जा बाहेर पडते आणि पेशीची सगळी कामं त्यावर चालतात. केमिस्ट्रीत शिकवलं की बाँड तोडायला कायम ऊर्जा द्यावी लागते, बाहेर पडते ती नवा बाँड तयार होताना. आता दोन्ही एकदम कसं खरं असेल? क्लासमध्ये विचारलं तर "बायोच्या पेपरात बायोचं लिही" एवढंच उत्तर मिळालं आणि मला ते अजिबात पटलेलं नाही, पोरगी मार्कांसाठी विचारत नाहीये, तिला खरंच समजून घ्यायचंय.

मी कॉमर्सची, पण तिच्यासोबत बसून वाचलं त्यातून बाकीची साखळी लागली असं वाटतंय. अन्नातल्या ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन मायटोकाँड्रियात (पेशीतला ऊर्जा बनवणारा भाग) जातात, त्या जोरावर आतल्या पडद्यापलीकडे प्रोटॉन ढकलले जातात, आणि ते परत येताना एटीपी सिंथेज नावाचं प्रोटीन अक्षरशः गरागरा फिरतं आणि एटीपी बनवतं. पीटर मिचेल या बायोकेमिस्टने ही प्रोटॉनची कल्पना १९६१ मध्ये मांडली तेव्हा बऱ्याच शास्त्रज्ञांना पटली नव्हती, नोबेल मिळालं १९७८ मध्ये. (१९२९ मध्ये एटीपी शोधणाऱ्यांत आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, हे मुलांना आवर्जून सांगायला हवं.)

दुसरा प्रश्न, शरीरात एका वेळी एटीपी म्हणे जेमतेम ५०-१०० ग्रॅम असतं आणि दिवसभरात वापर होतो जवळपास आपल्या वजनाएवढा, म्हणजे तेच तेच पुन्हा बनत राहतं. मग एटीपीच साठवून का नाही ठेवत, चरबी कशाला? ऊसही उन्हात पानात एटीपी बनवतो, पण कांड्यात भरून ठेवतो ती साखर. सोप्या भाषेत सांगाल का प्लीज, मी तिला दाखवणार आहे.

प्रतिसाद १

ताई, केमिस्ट्रीचंच बरोबर आहे, लेकीला शाबासकी द्या. बाँड तोडायला ऊर्जा लागतेच, एटीपीतसुद्धा. पण तो नुसता तुटत नाही, त्याच रिॲक्शनमध्ये पाण्याशी नवे बाँड जुळतात. एटीपीत तीन फॉस्फेट एकमेकांना खेटून बसलेत, त्यांच्यावर मिळून साधारण चार निगेटिव्ह चार्ज, आणि ते सतत एकमेकांना ढकलतायत. एक फॉस्फेट सुटला की ही ढकलाढकली कमी होते, सुटलेला फॉस्फेट जास्त स्थिर होतो, पाण्याचे रेणू त्याला नीट वेढतात. सगळा जमाखर्च मांडला की शिल्लक उरते मोलमागे ३०.५ किलोज्यूल. हाय एनर्जी बाँड ही भाषा बायोकेमिस्ट फ्रिट्झ लिपमनच्या १९४१ च्या लेखापासून रूढ झाली. त्याला अभिप्रेत होती ती ही अख्ख्या रिॲक्शनची शिल्लक, पण शिकवताना ती एका बाँडच्या पोटात जाऊन बसली.

आणि नुसतं पाण्याने एटीपी फोडलं तर हाती फक्त उष्णता लागते. म्हणून पेशी बऱ्याचदा फॉस्फेट उचलून दुसऱ्या रेणूवर चिकटवते. ग्लुकोज आत आलं की हेक्झोकायनेज नावाचं एन्झाइम लगेच त्याला फॉस्फेट लावतं, आता ते पडद्यातून निसटत नाही आणि पुढच्या रिॲक्शनला तयार होतं. स्नायूत तर अजून भारी आहे, मायोसिनची ॲक्टिनवरची (स्नायू आखडवणारी ही दोन प्रोटीन्स) पकड एटीपी नुसतं येऊन बसल्यावर सुटते, एटीपी तुटतं ते नंतर. मेल्यावर एटीपी संपतं, पकड सुटत नाही, म्हणून शरीर ताठरतं.

प्रतिसाद २

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. ३०.५ हा आकडा स्टँडर्ड कंडिशनचा, जिवंत पेशीत तो ५० च्या आसपास जातो, कारण पेशी एटीपी कायम भरपूर आणि एडीपी (एक फॉस्फेट सुटल्यावर उरतं ते) कमी राखते. गच्चीवरच्या टाकीसारखं, पाणी तेच पण वर चढवून ठेवलंय म्हणून नळाला जोर. ही रिॲक्शन समतोलाला पोचली तर एटीपी असूनही त्याच्याकडून काहीच काम होणार नाही. शिवाय वजन बघा: चरबीत ग्रॅममागे ९ किलोकॅलरी, म्हणजे ३७-३८ किलोज्यूल. एटीपीचा रेणुभार ५०७, मोलमागे ५० किलोज्यूल धरले तरी ग्रॅमला फक्त ०.१ येतं. एवढं ओझं घेऊन कोण हिंडणार? बटाटा ग्लुकोजही सुटं ठेवत नाही, स्टार्च करतो, कारण सुटे रेणू पाणी ओढून घेतात. ऊस मात्र साखरच ठेवतो, पेशींच्या व्हॅक्यूओलमध्ये, म्हणजे आतल्या साठवणीच्या पिशवीत.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार! ०.१ आणि ३७ शेजारी लिहिल्यावर तिला चरबीचं लगेच पटलं. आता पुढचा प्रश्न आलाय, एडीपीतही फॉस्फेट-फॉस्फेट बाँड उरलेला असतोच ना, तो वाया जातो का? आणि पेपरात नेमकं लिहायचं काय?

प्रतिसाद १

वाया नाही जात. ॲडेनिलेट कायनेज नावाचं एन्झाइम दोन एडीपी घेऊन एकाचा फॉस्फेट दुसऱ्याला देतं, मिळतं एक एटीपी आणि एक एएमपी (एकच फॉस्फेट उरलेलं). जोरात धावताना स्नायूत हे कामी येतं, आणि वाढलेल्या एएमपीवरून पेशीला कळतं की ऊर्जा कमी पडतेय. पेपरात "एटीपीच्या हायड्रोलिसिसमधून ऊर्जा मिळते" (हायड्रोलिसिस म्हणजे पाण्यासोबतची ती अख्खी रिॲक्शन) असं लिहायला सांगा, दोन्ही विषयांत बरोबर आहे.