सरकारी जमिनींची नोंद एकाच ठिकाणी हवी की नको?

गोदाकाठ
तालुक्यात सरकारी जागा किती, हे तहसीलला विचारा, बांधकाम खात्याला विचारा, जिल्हा परिषदेला विचारा. तिन्हीकडे वेगळा आकडा मिळतो. महसूलकडे सातबारा, भूमी अभिलेखकडे मोजणीचा नकाशा, शहरात मिळकत पत्रिका, ग्रामपंचायतीत नमुना आठ म्हणजे घरपट्टी आकारणीची वही आणि वर प्रत्येक खात्याची स्वतःची नोंदवही. एकीकडे बदल झाला तर दुसरीकडे पत्ता नसतो.

धरण-कालव्यासाठी जमीन घेतली की क्षेत्रातला बदल दाखवणारं कमी-जास्त पत्रक व्हावं लागतं, मगच सातबारा बदलतो. ते पत्रक जिथे अडलं तिथे मोबदला देऊन घेतलेली जमीन कागदावर जुन्या मालकाच्याच नावावर राहते. तो गेला की वारस लागतात, वारस विकून मोकळे होतात आणि घेणारा फसतो. शाळांचंही तेच. गावातल्या भल्या माणसाने तोंडी जागा दिली, खोल्या उभ्या राहिल्या, फेरफार झालाच नाही. आता नातू येऊन जागा मागतो.

जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला द्यायचा चौदा अंकी भू-आधार क्रमांक आलाच आहे. त्याला सगळ्या खात्यांच्या नोंदी जोडा आणि एकच माहितीसाठा करा. माझी मागणी एवढीच.

जुनं_दफ्तर
विरोध. आपण मराठवाड्यातले लोक १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो, हे पुण्या-मुंबईत बसून रकाने ठरवणाऱ्यांना कोण सांगणार? आपल्याकडचे मुंतखब (इनामाच्या चौकशीनंतर दिलेले निजामकाळातले दाखले), जुन्या सनदा फारसी-उर्दूत आहेत. हैदराबादचा इनाम रद्द करण्याचा कायदा १९५४ चा, पण धार्मिक आणि धर्मादाय संस्थांची इनामं त्यातून वगळलेली होती. त्यामुळे एकाच सर्व्हे नंबरवर धार्मिक संस्था, कूळ आणि सरकार असे तिघे दावा सांगतात. तुमच्या साठ्यात मालकाचा रकाना एक. तिथे 'सरकार' पडलं की बाकीच्या दोघांनी आयुष्यभर कोर्टात फिरायचं. जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे नोंद खोटी ठरेपर्यंत खरीच धरतात, आणि ती खोटी ठरवायचा भार गरिबावर येतो.

माळरान
गायरानाबद्दल कोणीच बोललं नाही. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहापासून मराठवाड्यात दलित कुटुंबं गायरान कसतात. १४ एप्रिल १९९० आधीची अतिक्रमणं नियमित करायचा शासन निर्णय आहे, तरी कित्येकांची नावं अजून सातबाऱ्यावर चढलेली नाहीत. यादी आधी झाली तर उद्या ही माणसं एका बटणावर 'अतिक्रमक' ठरतील. आधी ताबा नोंदवा, मग साठा करा.

गोदाकाठ
माळरान, तुमचं मान्य. गाव नमुना एक-ई ही अतिक्रमणाचीच नोंदवही आहे. तीही याच साठ्यात आली पाहिजे, कोण कधीपासून कसतोय यासकट. आज ती तलाठ्याच्या कपाटात आहे. कपाटातली वही त्या माणसाला वाचवते का?

निवृत्त_तलाठी
मी नोकरीत असताना हस्तलिखित सातबारे संगणकावर चढले. क्षेत्रात चुका, नावात चुका, शेरे गाळलेले. नंतर दुरुस्तीसाठी कलम १५५ चे अर्ज. ते कलम लेखनातल्या चुकीसाठी आहे, पण त्याखाली मालकीच बदलल्याची प्रकरणं मी पाहिली. सगळं एकाच ठिकाणी आलं तर असा एक आदेश सगळ्या खात्यांची नोंद एकदम फिरवेल. वेगवेगळ्या वह्या होत्या म्हणून तर आम्हाला एकीवरून दुसरीची चोरी पकडता आली.

किल्लारीकडचा
१९९३ च्या भूकंपानंतर आमची गावं हलली. जुनं गावठाण कोणाचं, नव्या प्लॉटचा कागद कुठल्या ऑफिसात, यासाठी म्हातारी माणसं लातूरच्या चकरा मारून थकली. एका ठिकाणी दिसू द्या. बाकी वाद नंतर.

गोदाकाठ
तलाठीसाहेब, तुमची भीती खरी आहे, पण त्यावर उपाय साठ्यातच आहे. जुनी नोंद पुसायचीच नाही. प्रत्येक बदलाखाली आदेश क्रमांक, तारीख, अधिकाऱ्याचं नाव आणि मूळ पानाचा फोटो. मुंतखबाचाही. महसूलने बदल केला तर संबंधित खात्याची सही झाल्याशिवाय तो कायम होऊ नये. ज्याच्या जमिनीवर परिणाम होतो त्याला नोटीस, आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर प्रत.

जुनं_दफ्तर
फोटो लावाल, वाचणार कोण? आधी उर्दू-फारसी जाणणारी माणसं प्रत्येक जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात नेमा. आणि वाद असलेल्या सर्व्हे नंबरवर मालक म्हणून कोणाचंच नाव नको, 'वादग्रस्त' एवढंच लिहा. या दोन गोष्टी शासन निर्णयात आल्या तर माझा विरोध मागे. तोवर नाही.